पंख्याच्या पलीकडची हवा

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बंद पडला की वायरमन येतो, जुना काढतो, त्याच भोकात सहा इंची नवा बसवतो आणि जातो. पाती फिरली, आवाज आला, म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो. त्या भोकाच्या पलीकडे काय आहे, हे सहसा कुणी डोकावून बघत नाही. या वस्तूचा इतिहास मात्र बराचसा त्या पलीकडच्या बाजूलाच घडला आहे.

कोकणातल्या जुन्या घरांना हा प्रश्न पडला नव्हता. न्हाणी मागल्या दारी, घरापासून सुटी. चुलाणावर पाणी तापायचं, धूर आणि वाफ कौलांच्या फटींतून निघून जायची, सांडपाणी केळी-अळवाला मिळायचं. अंघोळ घराच्या आत आली, चार भिंतींत बंदिस्त झाली, तेव्हा हवा ओढून बाहेर टाकायची गरज निर्माण झाली. ती ओढणारं यंत्र तोवर जमिनीखालच्या कामासाठी कधीच तयार झालं होतं.

सॅक्सनीतल्या खाणींचा जाणकार गेओर्ग आग्रिकोला याचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. त्यातल्या चित्रांत लाकडी पेटीत फिरणारे पंखे आहेत. फिरवायला कुठे माणूस, कुठे वारा, कुठे पाणी. काही पात्यांना तर हंसबदकांची लांब पिसं लावलेली. मला त्यातली लाकडी नळी महत्त्वाची वाटते. पंख्यापासून ती खाणीत उतरते. आग्रिकोलाच्या लेखी पंखा आणि नळी मिळून एकच यंत्र होतं. नळीविना पंखा म्हणजे अर्धवट काम.

पुढचा टप्पा लंडनच्या पार्लमेंटचा. न्यूटनचा प्रयोग-सहायक जॉन देसाग्युलिए याने १७२३ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सच्या छताजवळ शेगड्या पेटवून आतली कोंदट हवा वर ओढायची युक्ती केली. पण वरच्या खोल्या एका व्यवस्थापक बाईंकडे होत्या, त्यांना ही उठाठेव नको होती. त्या शेगड्या वेळेवर पेटवायच्याच नाहीत. अखेर १७३६ मध्ये त्याने तिथे सात फूट व्यासाचं, हाताने फिरवायचं चाक बसवलं. सभागृहाचं कामकाज चालू असताना एक माणूस ते फिरवत बसे. दीडशे वर्षांनी त्या माणसाची जागा विजेच्या मोटरीने घेतली, आणि तंत्राची गोष्ट इथे जवळजवळ संपते. हवा टाकायची कुठे, हा प्रश्न उरला.

मुंबईत तो १८९६ च्या प्लेगने ऐरणीवर आणला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या कारभाऱ्यांपैकी जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून त्या कोनात आकाश दिसलं पाहिजे. म्हणजे खिडकीपुढे त्या इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी जागा मोकळी हवी. प्लेगचं मूळ पुढे उंदरांवरच्या पिसवांत सापडलं, तरी उजेड-वाऱ्याचा हा आग्रह मला आजही रास्त वाटतो. कारण त्या काळी दोन इमारतींमधली मोकळी जागा बहुतेक वेळा हाऊसगल्ली असे. खोल्यांच्या मोऱ्या तिथेच रित्या व्हायच्या, संडासही तिकडेच उघडायचे. तिथली हवा वाट्याला यायची ती गल्लीत उतरून मैला उपसणाऱ्या माणसांच्या. घराबाहेर टाकलेली हवा कुणाच्या तरी नाकाशी जातेच.

सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक आले आणि हाऊसगल्लीचं काम इमारतीच्या पोटातल्या डक्टकडे गेलं. तीस मीटर उंचीच्या इमारतीत हा डक्ट किमान आठ चौरस मीटर असावा, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. दमट, गरम हवा हलकी असते. डक्टचं तोंड वर उघडं असलं की ती आपसूक चढते. पण पावसाचं निमित्त करून सोसायटी वर पत्रे ठोकते, खाली एसीची यंत्रं येतात, मधल्या पाइपांवर कबुतरं घरटी करतात. मग तिसऱ्या मजल्यावरची वाफ चौथ्याच्या खिडकीतून आत. फॉल्स सीलिंगमधल्या पंख्याला नळीच न जोडणं हे तर त्याहून वाईट. वाफ छतावर साचते, स्लॅबला ओल येते, आतली सळई गंजते आणि पोपडे पडल्यावरच ते ध्यानात येतं.

म्हणून जुना पंखा उतरवला की भोकात टॉर्च मारून पाहावं. जाळीवर तेलकट काळा थर असतो, बाहेरच्या झडपा त्याच थराने उघड्याच चिकटून बसलेल्या असतात. शेजारची हवा आत येते ती तिथूनच. नव्या पंख्याला आपोआप मिटणारी झडप हवी, बाहेर पक्ष्यांसाठी जाळी हवी. नळी लागत असेल तर गुळगुळीत पीव्हीसीची, आखूड, सरळ आणि किंचित बाहेर उतरती, म्हणजे आत वाफ थंडावून झालेलं पाणी मोटरीवर येत नाही. पाच बाय आठ फुटांची, नऊ फूट उंच खोली ३६० घनफूट भरते. तासाला आठदा हवा बदलायची तर मिनिटाला ४८ घनफूट पुरतं. खोक्यावरचा आकडा याहून मोठा असतो, पण तो मोकळ्या तोंडाचा. चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम नळीत त्याचा बराच भाग जिरतो. दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसताच घुमतो. उदबत्ती त्या फटीशी धरली की धूर आत ओढला जातोय का, ते लगेच कळतं.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मात्र यातलं काहीही पुरेसं नाही. खाणीतल्या स्फोटांनंतर माणसं बहुतांशी कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे जे. एस. हॉल्डेन यांनी १८९६ मध्ये दाखवून दिलं. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत हवा कमी पडली की गीझरची ज्योत तोच वायू तयार करते, आणि जोरात ओढणारा पंखा धुराड्यातून बाहेर निघालेला धूर उलटा आतही खेचू शकतो. पंखा नवा घेण्याआधी गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत काढून घ्यावा; पंख्याचा खर्च त्यानंतर.