फेलरांच्या शेतावरचा रविवार

उतरताना डोकं सांभाळा, आणि अंगातला कोट गाडीतच राहू द्या. साल 1934, अमेरिकेतलं आयोवा राज्य, व्हॅन मीटर नावाचं छोटं गाव. पावसाने दडी मारलीय. दोन पावलं टाकलीत की नाकातोंडात धूळ जाईल, सदरा पाठीला चिकटेल. गव्हाच्या काडाचा, शेणाचा आणि तापलेल्या मोटारींच्या तेलाचा वास एकदमच येतोय ना? बरोबर जागी आलात.

टेकडीवर ओकच्या झाडांत दिसतंय ते मैदान बिल फेलर या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत उभं केलंय. झाडं तोडली, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ओढून कुंपण घातलं, बाकं ठोकली, धावफलक उभारला. सगळं मुलाला बेसबॉल खेळता यावं म्हणून. त्याच पायी मका सोडून गहू धरला. गव्हाला राबणूक कमी, म्हणजे पोराबरोबर खेळायला वेळ जास्त. हिवाळ्यात बाहेर बर्फ, तर बापलेक गोठ्यात चेंडू टाकत बसतात. असा बाप आपल्याकडे असता तर भावकीने त्याला कधीच वेड्यात काढलं असतं.

घुसा आता गर्दीत. धक्के लागतील, बुटावर तंबाखूची पिंक पडेल, रागावू नका. गवती टोप्या घातलेले शेतकरी, पदार्थांचे डबे घेऊन आलेल्या बायका, मैदानाबाहेर गेलेल्या चेंडूमागे सुसाट सुटणारी पोरं. बाकांवर जागा नाही, तेव्हा त्या मोटारीच्या बंपरवर टेका. हळू! पत्रा तव्यासारखा तापलाय.

आज तुम्ही स्काउट आहात, म्हणजे संघासाठी नवे खेळाडू हेरणारे. समोरचा पंधरा वर्षांचा बॉब, म्हणजे बिलचा मुलगा, उद्या पोटापाण्यासाठी चेंडू टाकेल की जन्मभर गायीच दोहेल, हे ठरवायचंय. वेग मोजणारं यंत्र शोधू नका. रडार गन मैदानावर यायला अजून चाळीसेक वर्षं आहेत. तुमच्याकडे डोळे आहेत, कान आहेत आणि एक बोथट पेन्सिल.

पोरगा चेहऱ्याने शाळकरी, खांद्यांनी गडी. बाकी सगळे बाप्ये, मिशा फुटून वर्षं झालेले. पोरगा दोन्ही हात डोक्यावर नेतो, असा वळतो की समोरच्याला त्याची पाठ दिसावी, डावा पाय उंच उचलतो आणि सगळं अंग पुढे झोकून देतो. चेंडू कुठाय? गेला. बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, फाडकन आवाज झाला तेव्हा तुम्हाला कळलं. क्रिकेट बघणारे आहात म्हणून सांगतो: इथे रनअप नाही, टप्पाही नाही. अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे आपल्या बावीस यार्डांहून थोडं कमीच. आणि बॅटरच्या डोक्यावर नुसती कापडी टोपी.

पुढचा चेंडू बॅटरच्या कानाजवळून जाऊन मागच्या जाळीवर आदळतो. बाकांवर हशा होतो, बॅटर मात्र हसत नाही. नियंत्रण नाही, हे वहीत लिहाच. पण इथेच कच्चे स्काउट फसतात. ते पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, बघत बसतात. तुम्ही बॅटरचा मागचा पाय बघा. दोन चेंडू झाले, की तो हळूच मागे सरकायला लागतो. दिवसभर गवताचे भारे उचलणारा माणूस एका पोरासमोर जागा सोडतोय, आणि आपण जागा सोडतोय हे त्याला ठाऊकही नाही. चेंडू कुठे येईल हे खुद्द टाकणाऱ्यालाच माहीत नसेल, तर समोरच्याने पाय रोवायचे कशाच्या भरवशावर?

कंटाळून निघू नका. शेवटच्या डावापर्यंत थांबा. सुरुवातीला सगळेच जोरात टाकतात. दिवसभर ऊन खाल्ल्यावर मिटचा आवाज तसाच येतोय का, हे ऐकायचं. येतोय. कॅचर हात झटकतोय, ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही एक वर्ष लवकर आलात, एवढंच. क्लीव्हलंड संघाचा स्काउट साय स्लॅपनिका 1935 च्या उन्हाळ्यात येईल आणि एक डॉलर व संघातल्या खेळाडूंच्या सह्यांचा एक चेंडू, एवढ्यावर करार करून जाईल. 1936 मध्ये, शाळा संपायच्या आधीच, बॉब मोठ्या लीगमधल्या सुरुवातीपासून टाकलेल्या पहिल्या सामन्यात सेंट लुईस संघाचे 15 बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, करेल, आणि मग परत येऊन शाळेचं शेवटचं वर्ष पुरं करेल. नियंत्रणाचं म्हणाल, तर 1938 च्या हंगामात 208 जणांना वॉक, म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस, देईल. वहीत लिहिलंत ते खोटं नव्हतं.

तेव्हा पेन्सिल थुंकीने ओली करा आणि अहवाल लिहा: चेंडू कुठेही जातो, असा वेग कुणाकडेच नाही, पोरगा अल्पवयीन आहे, वडिलांची सही आजच घ्या.