आंबोलीचा घाटमार्ग आणि काजूमद्याचा इतिहास

द्राक्षमळे व मद्यशाळा पाहत सायकलीने खेडोपाडी हिंडण्याची रीत युरोपात रुळलेली आहे, आणि विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलीमुळे ती चढउताराच्या प्रदेशातही सुकर झाली आहे. महाराष्ट्रात अशा प्रवासाचा विषय निघाला की नाशिकचे नाव पुढे येते. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढून बेळगावकडे जाणारा रस्ता या संदर्भात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक या रस्त्याच्या परिसरात काजूची विपुल लागवड आहे, आणि काजूच्या बोंडापासून मद्य काढण्याची कला दक्षिणेस काही कोसांवर, गोव्यात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एकच फळ सीमेच्या एका बाजूस प्रतिष्ठेचे पेय व्हावे आणि दुसऱ्या बाजूस झाडाखाली कुजावे, असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम भूगोलाचे कारण तपासू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असून तेथील पर्जन्यमान महाराष्ट्रातील सर्वाधिक पर्जन्यमानांपैकी एक आहे. कोरड्या हवेची अपेक्षा करणारे द्राक्ष येथे तग धरणार नाही, हे उघड आहे. परंतु पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू जांभ्या दगडाच्या उतारांवर उत्तम फळतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती तर देशभर प्रसिद्ध आहेत. तेव्हा कच्च्या मालाचा अभाव हे कारण संभवत नाही.

तंत्रही दुर्बोध नाही. गोव्यात फाल्गुन-चैत्राच्या सुमारास गळून पडलेली बोंडे गोळा करून तुडवितात, रस मडक्यांतून आंबवितात आणि भाटीवर तो उकळून ऊर्ध्वपातन करितात. पहिल्या पातनाने सौम्य उर्राक मिळते व पुढील पातनाने फेणी सिद्ध होते. यास भांडवलापेक्षा अनुभवाचीच गरज अधिक. अर्थात या भिन्न परिणामाचे कारण मातीत किंवा कारागिरीत शोधण्यापेक्षा राज्यव्यवस्थेत शोधणे अधिक युक्त ठरते.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा संमत झाला. माडी काढण्यासाठी झाडावर कर, गाळण्यासाठी परवाना आणि विक्रीसाठी मक्ता, अशी त्याची त्रिविध पकड होती. कोकणातील भंडारी समाजाच्या परंपरागत व्यवसायावर तिचा आघात झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला, त्यान्वये गोव्याच्या मीठ व अबकारी व्यवस्थेस इंग्रजी पद्धतीशी जुळवून घेणे भाग पडले. हा तह १८९२ मध्ये संपुष्टात आला. त्यानंतर सीमेच्या दोन्ही बाजूंचे मार्ग पुन्हा वेगळे झाले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि लगोलग १९४९ चा दारूबंदी कायदा आला. गोवा मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिले, व मुक्तीनंतरही तेथे दारूबंदी आली नाही. घाटवाटा आणि खाड्या यांतून चोरटी आयात होऊ लागली. सीमेवरील तपासणी नाके हा या प्रदेशाच्या दैनंदिन जीवनाचा भाग झाला, तो असा. पुढे बंदीची धार बोथट झाली, तरी कायद्याची चौकट कायम राहिली.

नाशिकची कथा याच कायद्याच्या छत्राखाली घडली, हे विसरता कामा नये. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच साहाय्याने द्राक्षमद्याचा उद्योग उभा केला. १९९९ च्या सुमारास नाशिकजवळ सुला ही संस्था निघाली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आखून अबकारी करात सवलत दिली. मद्यशाळा हे पर्यटनस्थळ झाले ते या धोरणानंतर. तिकडे गोव्याच्या काजूफेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन लाभले. सिंधुदुर्गच्या बोंडाचा विचार महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने केला तो २०२२ साली. काजूबोंडे व मोहफुले यांपासून होणाऱ्या मद्याचे वर्गीकरण बदलण्याचा निर्णय तेव्हा झाला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. द्राक्षासव हे आंबविलेले पेय, तर फेणी ही गाळलेली व कितीतरी तीव्र. तेव्हा दोहोंस एक न्याय लावणे अयोग्य ठरेल. शिवाय दारूबंदीची चळवळ ही केवळ सरकारी लहर नव्हती. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा, विशेषतः स्त्रियांचा, आक्रोश तिच्यामागे होता. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. कायद्याने तीव्रतेचा भेद जितका केला, त्याहून अधिक प्रतिष्ठेचा केला. बागाईतदाराचे द्राक्ष 'उद्योग' ठरले आणि गरिबाची भाटी 'हातभट्टी' ठरली.

आज २५० वॅटपर्यंतच्या मोटारीची व ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग न देणारी सायकल नोंदणीवाचून चालविता येते. सावंतवाडीहून आंबोलीचा सुमारे ३० किलोमीटरचा मार्ग तिच्या बळावर सामान्य प्रकृतीच्या माणसासही आटोक्यात येईल. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ल्याच्या बंदरातून लष्करी छावण्यांकडे माल नेणारा रस्ता नव्या प्रवाशास खुला होईल. वाटेत त्यास काजूची बने दिसतील, पण बोंडाचे पुढे काय होते हे दाखविणारी जागा अद्याप क्वचितच आढळेल. ती निर्माण करावी की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. ती आजवर का झाली नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर जमिनीपेक्षा अबकारीच्या दप्तरात अधिक सापडते, एवढेच येथे प्रतिपादन करावयाचे आहे.