जुन्या ब्रिटिश मोटारसायकली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साधारण १९७० पर्यंत इंग्लंडमध्ये तयार झालेल्या आणि त्याच आराखड्यावर पुढे भारतात बनत राहिलेल्या मोटारसायकली. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, एजेएस, एरियल, व्हेलोसेट, व्हिन्सेंट व रॉयल एनफिल्ड ही त्यांतली ठळक नावे. एकच उभे सिलिंडर किंवा शेजारी-शेजारी दोन, लांब स्ट्रोक, किकने सुरू होणारे इंजिन आणि उजव्या पायाशी गिअर, अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण. महाराष्ट्रात या गाड्या संग्राहकांमुळे टिकल्या त्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्यांमुळे जास्त टिकल्या. मुंबई-पुण्यात संग्रह आहेत. खानदेशात मात्र जुनी ब्रिटिश मोटारसायकल म्हणजे व्यवहारात बुलेट, आणि ती शेतावर, बाजाराला, लग्नाला जाणारी.

इंग्लंडमधील हा धंदा मुख्यतः बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीच्या परिसरात वाढला. बंदुका व सायकली बनवणारे कारखानेच मोटारसायकलींकडे वळले. बीएसए हे तर ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’चे लघुरूप, १८६१ मध्ये बंदुकांसाठी स्थापन झालेल्या या कंपनीने १९१० मध्ये मोटारसायकल बाजारात आणली. रेडिच येथील रॉयल एनफिल्डची पहिली मोटारसायकल १९०१ची, ट्रायम्फची १९०२ची. आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यती १९०७ मध्ये सुरू झाल्या आणि नॉर्टनचा नावलौकिक त्यांतूनच झाला. १९३७ मध्ये ट्रायम्फच्या एडवर्ड टर्नर यांच्या ‘स्पीड ट्विन’ने दोन सिलिंडरांचे इंजिन सामान्य ग्राहकाच्या आटोक्यात आणले, १९५९ची ‘बॉनव्हिल’ याच घराण्यातली. १९५०च्या दशकात जगातील रस्त्यांवर या गाड्यांचे राज्य होते. १९६९ मध्ये होंडाची चार सिलिंडरांची, बटणाने सुरू होणारी आणि तेल न गळणारी ७५० सीसी गाडी आली. तोवर जुन्याच यंत्रांवर काम रेटणारे इंग्लिश कारखाने त्यानंतर काही वर्षांतच कोलमडले. १९७३ मध्ये बीएसए-ट्रायम्फ आणि नॉर्टन एकत्र करण्यात आले, पण त्यानेही धंदा सावरला नाही.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी गाड्यांचा मोठा वापर झाला. युद्धासाठी बीएसएने एम-२० हे ४९६ सीसीचे मॉडेल सव्वा लाखाच्या घरात बनवले. नॉर्टनची १६-एच आणि मॅचलेसची जी-३एल या गाड्याही संदेशवाहकांच्या हाती असत. एम-२० साइड व्हॉल्व्हची, संथ आणि जड; शर्यतीत तिला कोणी विचारणार नाही, पण खराब पेट्रोलवर, चिखलात आणि अडाणी हातांतही ती चालत राही. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेला माल लिलावातून नागरी हातांत गेला. ‘शोले’ (१९७५) चित्रपटातली साइडकारची प्रसिद्ध मोटारसायकल युद्धकाळातली बीएसएच होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि नव्या ब्रिटिश गाड्यांचा ओघ आटला. आधीच आलेल्या गाड्या जपणे आणि त्यांचे सुटे भाग लेथवर बनवून घेणे भाग पडले. इथल्या कारागिरीची खरी शाळा हीच.

बुलेट. रॉयल एनफिल्डने ‘बुलेट’ हे नाव १९३०च्या दशकाच्या आरंभी वापरायला सुरुवात केली. मागच्या चाकाला झुलता दांडा (स्विंगआर्म) असलेली ३५० सीसीची बुलेट १९४८-४९ मध्ये आली. भारत सरकारने सीमेवरील गस्तीसाठी ती पसंत केली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन केली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे आधी आलेल्या भागांची जुळणी आणि मग संपूर्ण गाडीचे उत्पादन सुरू झाले. १९७० मध्ये इंग्लंडमधील रॉयल एनफिल्ड बंद पडली. मद्रासची चालूच राहिली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी हे माप पुढे कित्येक दशके बदलले नाही. १९७७ पासून हीच गाडी इंग्लंडला निर्यात होऊ लागली. आराखडा देणाऱ्या देशात तो मोडीत निघाला होता, आणि तिथल्या हौशी लोकांना तो नवाकोरा मिळत होता तो मद्रासहून. १९९४ मध्ये कंपनी आयशर समूहाकडे आली. बिडाच्या सिलिंडरची जुनी इंजिने पुढच्या दशकाच्या शेवटी थांबली. गिअर डावीकडे आला, बटण आले, आणि जुन्या मालकांच्या मते बुलेटचे बुलेटपण तिथेच संपले. हे मत भावनेचे आहे. नवे इंजिन तेल कमी गाळते, ही गोष्ट त्यांनाही नाकारता येत नाही.

बुलेटची एक पोटजात ग्रामीण भागात विशेष चालली. ३२५ सीसीचे ग्रीव्हज-लोंबार्डिनी इंजिन बसवलेली ही डिझेल बुलेट ‘टॉरस’ या नावाने मिळे. ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, वेग बेताचा, हादरे भरपूर. पण लिटरमागे सत्तर किलोमीटरच्या आसपास जाणारी आणि स्वस्त डिझेलवर चालणारी. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर तिचे उत्पादन थांबले. संग्राहकांनी तिच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले, हे अन्यायाचे आहे. खास इथल्या गरजेतून घडलेली बुलेट शोधायची तर तिच्याइतकी चांगली दुसरी सापडणार नाही.

जुनी बुलेट सुरू करणे हे शिकण्याचे काम आहे. चावी लावून किक हळूहळू दाबत गेले की हेडलाइटजवळच्या अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला झुकतो. पिस्टन कॉम्प्रेशनवर आला आणि पॉइंट उघडले की तो मधोमध येतो. तेव्हा डाव्या हाताने डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक जरा पुढे ढकलायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण, न थांबता किक मारायची. काट्याकडे न पाहता ताकदीने मारणाऱ्याची दमछाक होते. टायमिंग पुढे असेल तर किक उलटी फिरून पोटरी किंवा घोटा सुजतो. गिअर एक वर, तीन खाली. शिवाय टाचेशी न्यूट्रलचा वेगळा खटका असतो. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून तो दाबला की गाडी थेट न्यूट्रलला येते. रोज दुसरी गाडी चालवणारा माणूस बुलेटवर बसला की पहिल्या वळणावर ब्रेक समजून गिअर दाबतो. म्हणून अशा गाडीची किल्ली सहसा कोणाला देत नाहीत.

पुनरुज्जीवन. जुनी गाडी उभी करण्यातली पहिली अडचण नट-बोल्टची. ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ, बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आणि सायकल थ्रेड असे अनेक आटे एकाच गाडीत सापडतात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. मिलिमीटरचे पाने लावले की कोपरे झिजतात. मग घण-छिन्नी, मग वेल्डिंग, आणि शेवटी मूळ आटाच नाहीसा होतो. बऱ्याच गाड्या खराब झाल्या त्या वयाने नव्हे, चुकीच्या पान्याने. मॅग्नेटो ही दुसरी डोकेदुखी. युद्धकाळातल्या गाड्यांना लुकासचा मॅग्नेटो आणि डायनामो एकाच ठाण्यात जोडलेले असत. मॅग्नेटोच्या गुंडाळीवरचे इन्सुलेशन उतरले की गाडी थंड असताना छान चालते आणि तापली की बंद पडते, आणि मेकॅनिक अकारण कार्बोरेटर उघडत बसतो. भारतीय बुलेटला कॉइल-पॉइंटची व्यवस्था असल्याने हा त्रास कमी.

एमल कंपनीच्या जुन्या कार्बोरेटरमधला फ्लोट पितळी असतो. त्याला सुईएवढे भोक पडले तरी आत पेट्रोल शिरून तो बुडतो आणि कार्बोरेटर ओसंडू लागतो. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. आतले पेट्रोल काढून तिथे डाख लावायचा. डाख मात्र अगदी पातळ हवा, जाड झाला तर वजन वाढून पेट्रोलची पातळीच बदलते. पितळेला डाख देणे हे भांड्यांच्या धंद्यातले नित्याचे काम. धुळ्याच्या उत्तरेला मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि गावावरच्या किल्ल्यासाठी ओळखले जाते. पत्रा ठोकून त्याला गोलाई देण्याचे कसब तिथे पिढ्यान्पिढ्यांचे आहे. तरीही मोटारसायकलची टाकी तांबटाकडे न जाता डेंटरकडे जाते, याला कारण आहे. तांबे ठोकून कडक झाले की तापवून पुन्हा मऊ करता येते. टाकीचा पोलादी पत्रा ठोकला की ताणून पसरतो. तो जागेवर आणायला नेमकी तेवढीच जागा तापवून आकसावी लागते. शिवाय टाकीत पेट्रोलची वाफ राहते. म्हणून वेल्डिंगला देण्याआधी ती धुऊन, पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरून देतात. यात आळस करणे जिवावर बेतते.

टाकीवरच्या रेघा हा वेगळाच विषय. बुलेटच्या टाकीवरचे सोनेरी पट्टे कारखान्यातही लांब केसांच्या ब्रशने, हाताने ओढले जात. स्टिकर लावलेली टाकी जाणकार दुरूनच ओळखतो, कारण स्टिकरची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते. टाकीवरच्या नावावरूनही काळ ओळखता येतो. मद्रासच्या गाड्यांवर कित्येक वर्षे नुसते ‘एनफिल्ड’ लिहिलेले असे.

सुटे भाग मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याची भंगाराची दुकाने, पुण्याचा जुना बाजार आणि दिल्लीचे करोल बाग ही त्यांतली मोठी. नॉर्टन किंवा मॅचलेसचा अस्सल भाग इंग्लंडहून मागवावा लागतो आणि तो महाग पडतो. बुलेटचे तसे नाही. तालुक्याच्या गावीही पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट मिळतात. यातूनच हौशी मंडळींत एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच गाडी हवी: तोच रंग, तोच स्मिथ्सचा स्पीडोमीटर, इंजिन आणि चॅसिसचे जुळणारे क्रमांक. दुसऱ्याचे म्हणणे, चालती राहिली पाहिजे, मग बुश स्थानिक लेथवरचा असला तरी चालेल. पहिल्या पक्षाच्या गाड्या प्रदर्शनात बक्षिसे घेतात. पण दुसऱ्याने बोअर करून, पिस्टन बदलून चालत्या ठेवल्या नसत्या, तर पहिल्याला जतन करायला काही उरलेच नसते.

हौशी संघटना. इंग्लंडमधील व्हिंटेज मोटरसायकल क्लब १९४६ मध्ये स्थापन झाला. १९१५ पूर्वीच्या गाड्यांची ब्रायटनपर्यंतची ‘पायोनियर रन’ १९३० पासून भरते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या फेऱ्यांमध्ये मोटारींबरोबर जुन्या मोटारसायकलीही उतरतात. बुलेटवाल्यांचा मोठा मेळा गोव्यात भरतो. ‘रायडर मेनिया’ हे त्याचे नाव २०२३ मध्ये ‘मोटोव्हर्स’ झाले.

ब्रिटिश नावे, भारतीय मालक. बीएसएचे नाव महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने २०१६ मध्ये विकत घेतले. त्या नावाची नवी मोटारसायकल ‘गोल्ड स्टार’ २०२१च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला दाखवण्यात आली, आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात आली. ती बनते मध्य प्रदेशातील पीथमपूरला. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फ स्वतंत्र आहे, मात्र तिची ४०० सीसीची गाडी २०२३ पासून बजाज ऑटो चाकणला बनवते. या नव्या गाड्यांना जुन्यांचे रूप आहे. यंत्र सर्वस्वी निराळे.

इंधन व नोंदणी. शिसेविरहित पेट्रोल २००० साली देशभर आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांची काळजी होती. आताची काळजी इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. पावसाळ्यात गाडी उभी करण्याआधी टाकी व कार्बोरेटर रिकामे करणे हा त्यावरचा साधा उपाय.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली दुचाकी त्यांत बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. १९६०-७०च्या बुलेटवरून रोज शेतावर जाणाऱ्याला म्हणून हा मार्ग गैरसोयीचा. तो नेहमीच्या नोंदणीचेच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेतो.