मूळ दप्तर आणि प्रसिद्ध प्रत

वाशीम हा जिल्हा आहे काय, या साध्या प्रश्नाला वऱ्हाडविषयीच्या छापील ग्रंथांनी वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. 1905 पूर्वीचे पुस्तक उघडले तर वाशीम हा स्वतंत्र जिल्हा आढळतो. त्या वर्षी वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत गेले आणि वाशीम अकोल्यात. म्हणून ब्राउन आणि नेल्सन यांनी 1910 साली सिद्ध केलेल्या अकोला गॅझेटियरात वाशीम अकोल्याच्या पोटात आहे. स्वातंत्र्यानंतर निघालेल्या 1977 च्या नव्या आवृत्तीतही ते तेथेच आहे. पुढे 1 जुलै 1998 रोजी वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. सरकारचे दप्तर बदलले. पण ग्रंथालयाच्या कपाटातील पुस्तकाला ही वार्ता कोणी कळवावी?

यांतील एकही ग्रंथ खोटा नाही. प्रत्येक ग्रंथ छापला त्या दिवशी खराच होता. दोष कोठे असेल तर तो इतकाच, की माहिती जेथे दुरुस्त होते ते दप्तर एकीकडे राहते, लोक जी वाचतात ती प्रत दुसरीकडे राहते, आणि या दोहोंमधील वाट एखाद्या माणसाच्या आठवणीवर व सवडीवर अवलंबून असते. आजचा आमचा विषय संगणकावरील माहितीपाने मूळ दप्तरातून आपोआप प्रसिद्ध करण्याच्या रीतीचा आहे. तो ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. त्यांना एवढीच विनंती, की थोडा वेळ आमच्याबरोबर रिद्धपूरपर्यंत यावे. संगणक त्यानंतर येईल.

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे वाजेश्वरीच्या स्थानी म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या, तो काळ शके 1200, म्हणजे इ. स. 1278 च्या सुमाराचा. म्हाइंभटांची पद्धत आजच्या संशोधकानेही वाखाणावी अशी होती. ज्याने प्रसंग डोळ्यांनी पाहिला त्याच्याकडे जावे, खोदून खोदून विचारावे, नागदेवाचार्यांशी पडताळा घ्यावा आणि मग लेखणी उचलावी. लीळाचरित्राची मूळ प्रत अशा रीतीने सिद्ध झाली. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, आणि त्या धामधुमीत ती प्रत नष्ट झाली असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी तो आठवून पुन्हा लिहिला. हिराइसेचा पाठ त्यांत विशेष मानला गेला. पण पाठ एक राहिला नाही, अनेक झाले.

येथे महानुभावांनी जे केले ते आम्हांस फार मोठे वाटते. एक पाठ खरा धरून बाकीचे जाळून टाकणे सोपे होते. त्यांनी पोथीतच नोंद ठेवली, की हा प्रसंग अमुक परंपरेत असा आहे, दुसऱ्या परंपरेत तसा आहे. या निराळ्या पाठाला त्यांचा शब्द आहे 'वासना'. आपण तो शब्द इच्छा या अर्थी वापरतो. पोथ्यांत त्याचा अर्थ पाठभेद असा होतो. वाचकाला मजकूर मिळतोच, आणि तो मजकूर कोठून आला, त्यावर कोणाचे काय म्हणणे होते, हेही त्याच पानावर मिळते. गॅझेटियराच्या संपादकांना जे साधले नाही ते या भिक्षुकांनी सातशे वर्षांपूर्वी साधले होते.

प्रसिद्धीची बाजू मात्र लंगडी होती. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. नक्कल करणारा पंथातला, वाचणाराही पंथातला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे बाकीच्या महाराष्ट्राला या भांडाराची खबर लागली. हरि नारायण नेने यांनी 1936 पासून नागपुरातून लीळाचरित्राचे भाग छापले. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे विष्णु भिकाजी कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून पाहून सिद्ध केलेली आवृत्ती 1978 साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. रिद्धपुरातील मूळ लेखनापासून या आवृत्तीपर्यंत बरोबर सातशे वर्षे होतात.

आता आपल्या नित्याच्या व्यवहारात या. जमिनीचा सातबारा सगळ्यांना ठाऊक आहे; फेरफाराची वही मात्र ज्याचे काम अडते त्यालाच आठवते. जमीन विकली, वारस लागला, बोजा चढला, की पहिली नोंद गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. आपल्याकडे जुनी माणसे ज्यांस अजून पटवारी म्हणतात, पुढे जे तलाठी झाले आणि आता ग्राम महसूल अधिकारी म्हणवतात, ते ही नोंद घेतात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि त्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. पण हाताने लिहिण्याच्या काळात प्रमाणित झालेला फेरफार सातबाऱ्यावर उतरवायचा राहून गेला, म्हणून भावाभावांत दावे झालेले आपण पाहिले आहेत. वहीत हक्क आहे आणि उताऱ्यावर नाही! आता फेरफार संगणकावर घेतले जातात, आणि 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढेही हाच पेच होता. एक प्रोग्राम दहा माणसे लिहितात, रोज बदलतात. कोणी काय बदलले याचा हिशेब ठेवण्यासाठी 1972 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एक साधन केले. 1982 मध्ये वॉल्टर टिची यांनी दुसरे केले. या घराण्यातले आज सर्वत्र चालणारे साधन म्हणजे गिट. लिनक्स या मुक्त प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल 2005 मध्ये लिहिले, तेही अडचणीतून. तोवर ते ज्या खासगी कंपनीचे साधन फुकट वापरीत होते, ती सवलत कंपनीने काढून घेतली होती.

गिटच्या दप्तराला व्यवसायातले लोक रिपॉझिटरी म्हणतात. त्यात प्रत्येक बदलाची नोंद होते: कोणी केला, केव्हा केला, कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या आणि कशासाठी. प्रत्येक नोंदीला 40 अक्षर-अंकांची एक खूण मिळते. ही खूण मजकुरावरून व आधीच्या नोंदीच्या खुणेवरून गणिताने काढलेली असते. त्यामुळे मागच्या एखाद्या नोंदीत कोणी गुपचूप एक काना जरी बदलला, तरी तेथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि लबाडी उघडी पडते. शिवाय दप्तराची नक्कल घेणाऱ्याला नुसता आजचा मजकूर मिळत नाही, पहिल्या दिवसापासूनचा सारा इतिहास मिळतो. मूळ यंत्र जळाले तरी कोणाच्याही नकलेवरून दप्तर पूर्ववत उभे करता येते. हिराइसेच्या स्मरणशक्तीवर जी जोखीम पडली ती येथे पडत नाही.

दप्तर असे पक्के झाले, तरी लोक वाचतात ती प्रत वेगळीच राहिली. प्रोग्राम कसा बसवावा, कसा चालवावा, कोठे अडतो, हे सांगणारी पाने संकेतस्थळावर असतात. पूर्वी ही पाने एकजण आपल्या यंत्रावर तयार करी आणि दूरच्या यंत्रावर हाताने चढवी. त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याच्यापाशीच असे. तो रजेवर गेला की पाने शिळी होत. कधी याच्या उलटही घडे: घाईत कोणी प्रसिद्ध पानावरच दुरुस्ती करी आणि मूळ दप्तरात ती करायची विसरे. पुढच्या वेळी दप्तरातून पाने चढली की दुरुस्ती पुसली जाई. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने केलेली दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीत येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

यावरचा उपाय 2008 च्या सुमारास आकारास आला. त्या वर्षी गिटहब ही दप्तरे ठेवण्याची सेवा सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी जेकिल नावाचे साधन लिहिले, आणि वर्षअखेरीस त्या सेवेने दप्तरातील मजकुराची पाने करून ती प्रसिद्ध करण्याची सोय दिली. रीत अशी: लेखकाने साधा मजकूर लिहावा, शीर्षकाआधी एक खूण, यादीआधी दुसरी, एवढेच व्याकरण. जॉन ग्रुबर यांनी 2004 साली रूढ केलेल्या या लेखनपद्धतीस मार्कडाउन म्हणतात. जेकिलसारखे साधन त्या मजकुराला साचा चढवते, अनुक्रमणिका लावते, दुवे जोडते आणि पूर्ण झालेली पाने बाजूला काढून ठेवते. अशी पाने स्थिर असतात. वाचक आला की भांडाराला विचारून ताटात वाढणे येथे नाही. पान आधीच शिजलेले असते. म्हणून खर्च कमी, बिघाड कमी, आणि धारणीकडच्या एखाद्या गावात नेट नसेल तर सगळी पाने पेनड्राइव्हवर घालून नेता येतात.

शेवटचा दुवा आपोआप चालणाऱ्या कामाचा. दप्तरातच एका लहान फाइलीत आज्ञा लिहून ठेवायच्या: मुख्य शाखेत नवी नोंद आली की एक कोरे यंत्र मागव, दप्तराची नक्कल त्यावर उतरव, साधन बसव, पाने तयार कर, तुटलेले दुवे शोध, सर्व ठीक असेल तर जुन्या पानांच्या जागी नवी लाव. मध्ये कोठे अडले तर काम थांबते, जुनी पाने जागेवरच राहतात आणि लेखकाला निरोप जातो. ट्रॅव्हिससारख्या सेवा 2011 पासून हे काम करू लागल्या. गिटहबने स्वतःची अशी सोय 2019 मध्ये सर्वांना खुली केली. लहान स्थळाला या साऱ्यास मिनिट-दोन मिनिटे लागतात. किल्ली आता कोणाच्या खिशात राहत नाही, आणि पाने कशी तयार होतात ही आज्ञासुद्धा दप्तरातच, तिच्या इतिहासासह, नोंदलेली राहते.

हे तंत्र प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुरते असते तर आम्ही ते या मांडवात आणले नसते. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर काही कीटकनाशकांच्या विक्रीवर वऱ्हाडात तात्पुरती बंदी आली. आधी छापलेल्या पत्रकाला ही बंदी कळण्याचा काही मार्गच नव्हता. जे औषध आज विकण्यास मनाई आहे त्याचे प्रमाण कालच्या कागदावर ठळक अक्षरांत उभे! शिळी प्रत म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. गैरसोयीचा अनुभव आम्हीही घेतला आहे: एका कचेरीच्या संकेतस्थळावरून कागदपत्रांची यादी उतरवून आम्ही सकाळी रांगेत उभे राहिलो, आणि दुपारी खिडकीवरच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की यादी बदलून वर्ष झाले. आमचा एक दिवस गेला. फवारणी करणाऱ्याचे तसे नाही.

तरीपण आपोआप या शब्दाला भुलू नये. छापखान्यात मुद्रिते तपासताना जो आठवडा जाई, त्या आठवड्यात पुष्कळ चुका सापडत. नव्या रीतीत दुरुस्ती जितक्या वेगाने पोचते तितक्याच वेगाने चूकही पोचते. औषधाच्या प्रमाणात एक शून्य अधिक पडले तर दोन मिनिटांत ते जगजाहीर होते; यंत्र तुटलेला दुवा ओळखते, चुकीचा डोस ओळखत नाही. म्हणून जाणती मंडळी कोणाही एकाला थेट मुख्य शाखेत लिहू देत नाहीत. बदल आधी बाजूच्या शाखेत करावा, दुसऱ्याने तो वाचावा, हरकत असेल तर मांडावी, मान्य झाल्यावरच तो मुख्य शाखेत यावा. फेरफाराची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची सही यांचाच हा अवतार आहे. आमच्या मते या रीतीचा प्राण यातच आहे. पाने आपोआप चढणे हा त्यामानाने किरकोळ भाग आहे, जरी कौतुक त्याचेच अधिक होते.

दुसरी सावधगिरी मालकीची. गिट मुक्त आहे, गिटहब एका कंपनीचे आहे आणि 2018 साली ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. फुकट सवलत कशी जाते हे टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये अनुभवलेच होते. तेव्हा दप्तराची एक नक्कल नेहमी आपल्या घरी असावी.

रिद्धपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ व्हावे अशी मागणी जुनी होती; त्याचा कायदा 2023 साली झाला. म्हाइंभटांच्या गावी असे एक दप्तर निघावे असे आम्हांस फार वाटते. त्यात लीळाचरित्राची एकेक लीळा वेगळी लिहावी, तिच्याखाली तिच्या वासना मांडाव्या, कोणत्या पोथीतून काय घेतले हे नोंदवावे. अकोल्याच्या विद्यार्थ्याला एखादा पाठ चुकलेला दिसला तर त्याने दुरुस्ती सुचवावी, जाणकाराने ती तपासावी, आणि मान्य झाल्यावर पान बदलावे. आधीचे वाचन इतिहासात तसेच राहावे. यंत्रसामग्री किरकोळ लागेल. जड काम आहे ते पोथ्या अक्षरशः टंकून घेण्याचे, कारण पानाचा फोटो म्हणजे मजकूर नव्हे. त्यात शब्द शोधता येत नाही की ओळ बदलता येत नाही. आणि त्याहून जड काम आहे ते प्रमाणित करणाऱ्याचे. ती सही कोणी करावी, एका पंडिताने की मंडळाने, आणि पंथातील मंडळींचे त्यात स्थान कोणते, हे आधी ठरवावे लागेल. आज्ञांची ती लहान फाइल मात्र बडनेऱ्याच्या किंवा शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील कोणताही हुशार विद्यार्थी एका संध्याकाळी लिहून देईल.