तिथीची पाऊणपट

माझी आजी पोलादपूरची, पण तिचं माहेर खाडीकाठचं. समुद्रापासून इतक्या आत, घाटाच्या पायथ्याशी राहूनही तिला भरतीची वेळ सांगता यायची. तिथीची पाऊणपट करायची, झालं! अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण, अमावास्येला बारा.

गेल्या महिन्यात हरिहरेश्वरला गेलो होतो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत इथेच समुद्राला मिळते. ओहोटीला तिथल्या कातळावर आडवे पट्टे दिसतात. सगळ्यात वर बारीक शंख, मग पांढरे, खरबरीत बार्नॅकल, त्याखाली कालवं आणि अगदी खाली शेवाळ. आजीचं गणित इथे कामाला आलं. उधाणाला भरती दुपारी बाराला, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. सगळ्यात खालचा पट्टा उघडा पडतो तो असा, उन्हं नसताना! भर दुपारची ओहोटी येते अष्टमीच्या भांगेला, पण तेव्हा पाणी तेवढं खाली उतरतच नाही. उलट वरच्या पट्ट्यापर्यंत भांगेची भरती पोचत नाही, त्यामुळे तिथले शंख दिवसचे दिवस कोरडे. कोण कुठे जगणार ते हे घड्याळ ठरवतं.

खाडीत आत जावं तसा खारटपणा कमी होतो, आणि पावसाळ्यात तर गोडं पाणी आलं की कालवं शिंपले मिटून बसतात. महाडकडे ती नाहीतच. भरती मात्र खारटपणाच्याही पुढे, गोड्या पाण्याला वर उचलत जाते. महाड बंदर होतं ते याच जोरावर.

आता मूळ मुद्दा. 24 डिसेंबर 1927 ला डॉ. आंबेडकर सत्याग्रहींबरोबर 'पद्मावती' बोटीने मुंबईहून हरिहरेश्वरला निघाले. तिथून दुसऱ्या दिवशी सावित्रीतून वर, दुपारी साडेबाराच्या सुमारास दासगावला. पुढे महाडपर्यंत पायी. चवदार तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आलेली होती. त्याच रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली. खाडीचं पाणी सगळ्यांना वर घेऊन आलं आणि गावातल्या तळ्याचं पाणी बंद, हे वाचताना दरवेळी अडखळायला होतं.

यावेळी मात्र मी त्या साडेबारापाशी अडखळलो. (इंजिनिअरची खोड, दुसरं काय!) दहा ओळींचा प्रोग्राम लिहून चंद्र मोजला. 24 तारखेला अमावास्या निघाली. म्हणजे 25 ला प्रतिपदा, ऐन उधाण आणि भरती पाऊणला. सत्याग्रही चढत्या पाण्यावर आले होते. मला तरी हा योगायोग वाटत नाही; खाडीत बोट चालवणारा तांडेल तिथी बघितल्याशिवाय निघत नसतो.

आजी असती तर तिने प्रोग्रामकडे ढुंकूनही बघितलं नसतं. म्हणाली असती, "पाऊणला भरती, मग साडेबाराला पोचणारच की रे!"