रंगांची पाठचिकित्सा

ज्या ग्रंथाची मूळ प्रत जीर्ण झाली आहे, ज्याच्या उपलब्ध प्रती एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ज्याचा कर्ता हयात असून जुन्या पाठाकडे वळूनही पाहू नका असे सुचवीत आहे, त्या ग्रंथाचे संशोधकाने काय करावे? १९१९ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस हात घातला गेला व १९६६ साली ते कार्य तडीस गेले. त्या पंडितांपुढे पहिल्या दोन अडचणी होत्या. तिसरी सुदैवाने नव्हती. व्यासमहर्षी आक्षेप घ्यावयास आले नाहीत! या तिन्ही अडचणी एकदम ज्यांच्या वाट्यास आल्या ते पंडित नव्हेत. जुन्या विज्ञानपटांवर जीव जडलेले हौशी प्रेक्षक होत. गेली काही वर्षे ही मंडळी घरच्या संगणकापुढे बसून त्या चित्रपटांचे रंग पुन्हा जुळवीत आहेत. हा उद्योग पोरखेळ म्हणून सोडून द्यावा असा मुळीच नाही.

चित्रपटाचा रंग म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला रंग, अशी आपली समजूत असते. वस्तुतः फिल्मच्या काळात तो रंग प्रयोगशाळेत ठरे. निगेटिव्हवरून प्रत छापताना प्रत्येक दृश्यास तांबडा, हिरवा व निळा प्रकाश किती द्यावयाचा, हे तेथील जाणता मनुष्य ठरवी. पुढे या प्रतींचेही दोन प्रकार. सामान्य रंगीत प्रतीतील रंगद्रव्ये काळाने विटतात. निळसर द्रव्य बहुधा आधी जाते आणि सारे चित्र गुलाबी पडते. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत मात्र, रविवर्म्याच्या शिळाछाप चित्रांत एकावर एक रंगाचे ठसे उमटवीत त्याप्रमाणे, तीन रंग कोऱ्या फिल्मवर एकामागून एक छापले जात. असा रंग सहसा विटत नाही. अमेरिकेत ही पद्धती १९७५ च्या सुमारास बंद पडली. लंडनमध्ये ती आणखी थोडी टिकली, आणि म्हणूनच १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या काही प्रती तीत निघू शकल्या. एका कारखान्याचे दार उशिरा बंद झाले, एवढ्यावर पुढच्या साऱ्या संशोधनाचा आधार उभा आहे.

‘स्टार वॉर्स’ची कथा थोडक्यात अशी. १९९७ साली दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस याने आपल्या या चित्रपटाची नवी आवृत्ती काढली. त्या वेळी निगेटिव्ह तपासले तो त्याचे रंग पुष्कळ विटलेले आढळले. ते दुरुस्त झाले. परंतु त्याच निगेटिव्हमधील जुने तुकडे काढून नव्या दृश्यांचे तुकडे त्यांच्या जागी बसविण्यात आले. २००४ च्या डीव्हीडीत रंगही बदलले. चित्र निळसर व काळोखे झाले, आणि नायकाच्या निळ्या तेजतलवारीस एका प्रसंगी चक्क हिरवट छटा आली! २००६ साली जुनी आवृत्ती जोडपुरवणी म्हणून दिली गेली खरी, पण ती १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. कर्त्याच्या मते ती आवृत्ती म्हणजे अर्धवट राहिलेला खर्डा होता.

येथे हौशी मंडळी पुढे सरसावली, आणि मौज अशी की पाठचिकित्सेतील दोन जुने पंथ त्यांच्यातही आपोआप निर्माण झाले. ‘डिस्पेशलाइज्ड’ नावाच्या आवृत्तीने अनेक साधनांतून तुकडे घेऊन संमिश्र पाठ सिद्ध केला. नव्या डिस्कवरील स्वच्छ चित्र घ्यावे, बदललेल्या जागा जुन्या साधनांवरून भराव्या, आणि सर्वांस एकच रंगसंस्कार द्यावा, ही तिची रीत. २०१८ साली पूर्ण झालेल्या ‘४के७७’ या दुसऱ्या प्रकल्पाने उलट वाट धरली. १९७७ च्या ३५ मिलिमीटरच्या टेक्निकलर प्रतीचे एकेक चित्र संगणकात उतरवून घेतले आणि होता होईल तो तीच पोथी प्रमाण मानली. पहिला पाठ वाचावयास गोड. दुसऱ्यावर ओरखडे आहेत, फिल्मचे कण आहेत. मला इतिहासाच्या दृष्टीने दुसरा अधिक विश्वासार्ह वाटतो. अर्थात त्यावरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. एकाच प्रयोगशाळेतील दोन प्रतींत रंगाचा फरक पडे. शिवाय जुन्या चित्रपटगृहातील दिव्याचा प्रकाश आणि आजच्या यंत्राचा प्रकाश एक नव्हे. जुनी प्रत साक्ष देते ती स्वतःपुरती.

या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगण्यास हरकत नाही. हा चित्रपट मी कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. पुढे पुष्कळ वर्षांनी जुन्या प्रतीवरून घेतलेली काही दृश्ये पाहण्यात आली, तेव्हा माझा पहिला उद्गार हाच की, वाळवंटाचा रंग असा नव्हता! मग ध्यानात आले की माझ्या मनातले वाळवंट त्या मित्राच्या टीव्हीचे होते. हौशी मंडळींपैकी पुष्कळांचे भांडण असेच बाळपणीच्या टीव्हीसाठी चाललेले असते. त्यांच्यातील चांगले कार्यकर्ते मात्र आठवणीस पुरावा मानीत नाहीत; प्रतीशी प्रत ताडून पाहतात.

‘द मेट्रिक्स’च्या (१९९९) हिरव्या झाकेवरूनही असाच वाद आहे. पुढील भागांशी मेळ घालण्यासाठी ती २००४ च्या डिस्कवर गडद केली गेली आणि २०१८ साली मूळ छायालेखकाच्या देखरेखीखाली सौम्य झाली. त्याच वर्षी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची ७० मिलिमीटरची नवी प्रत कान येथे दाखविली गेली. तीत संगणकाचा हात लागलेला नाही, हे तिचे भूषण सांगितले गेले. तरी काही जाणत्यांस ती पिवळसर वाटली.

कर्त्याच्या बाजूने बोलावयाचे तर, स्वतःची कृती सुधारण्याचा हक्क त्याला नाही असे कोण म्हणेल? कवी पुढच्या आवृत्तीत शब्द बदलतोच. परंतु पहिल्या आवृत्तीचे ग्रंथ तो लोकांच्या कपाटातून परत मागवीत नाही. १९८८ साली हाच ल्यूकस अमेरिकेच्या काँग्रेसपुढे जुन्या कृष्णधवल चित्रपटांस रंग फासण्याविरुद्ध कळकळीने बोलला होता, आणि पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ राष्ट्रीय चित्रपट-सूचीत दाखल झाला. कायद्याच्या दृष्टीने हौशी मंडळींचा व्यवहार निर्दोष नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र १९७७ चा प्रेक्षक काय पाहून थक्क झाला, हे जाणू इच्छिणाऱ्या अभ्यासकास कित्येक वर्षे याहून बरे साधन सहजी मिळत नव्हते. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्या काळची एक टेक्निकलर प्रत जाहीरपणे दाखविली. तोवर ‘४के७७’ला सात वर्षे होऊन गेली होती.

आणि मूळ रंग मूळ रंग म्हणून आपण ज्याचा शोध घेतो, त्याची मौज पाहावयाची तर विज्ञानपटांच्या उगमापाशी जावे. मेलिएसच्या १९०२ मधील चंद्रप्रवासाच्या चित्रपटाच्या काही प्रती पॅरिसच्या एका कार्यशाळेत हाताने रंगविल्या जात. तेथे एकेक बाई एकेकच रंग भरी. अशी एक प्रत १९९३ साली बार्सिलोनाच्या संग्रहालयात सापडली. तिचे तुकडे जुळवून, उणे रंग भरून, २०११ साली ती कान येथे पुन्हा पडद्यावर आली. चित्रपट फ्रेंच, रंगविला फ्रान्समध्ये. परंतु त्यातील झेंड्यास रंग आहेत ते स्पेनच्या ध्वजाचे. ती प्रत तिकडच्या गिऱ्हाइकासाठी रंगविली होती!