द्रवीय यंत्रांतील गळती व झडपांची झीज

द्रवीय यंत्रांतील गळती व झडपांची झीज : कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्काल यांचे विवेचन १६६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये घेतले ते १७९५ साली. तत्त्व व यंत्र यांतील या अंतराचे एक मोठे कारण म्हणजे उच्च दाबाखाली न गळणारा सांधा कोणास करता येत नव्हता.

ब्रामा यांनाही हीच अडचण आली. दट्ट्याभोवतीचे भरण सैल ठेवल्यास पाणी निसटे. घट्ट आवळल्यास दाब काढल्यावरही दट्ट्या मागे येत नसे. यावर उलट्या वाटीसारखे चामड्याचे कडे बसविण्यात आले. पाण्याच्या दाबानेच त्याच्या कडा फाकून दट्ट्याला चिकटत व दाब उतरताच सैल पडत. ही युक्ती ब्रामा यांच्या कारखान्यातील हेन्‍री मॉडस्ले यांची, असे जेम्स नॅस्मिथ यांनी लिहिले आहे; नॅस्मिथ हे मॉडस्ले यांचे साहाय्यक होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दट्ट्याची गळती आटोक्यात आली, तरी झडपांची राहिली. विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या जलीय याऱ्या १८४६ नंतर गोद्यांतून पसरल्या. लंडनमध्ये तर १९७७ पर्यंत दर चौ. सेंमी.स सु. ५० किग्रॅ. दाबाचे पाणी नळांवाटे विकले जाई. टेम्स नदीचे हे पाणी गाळून घ्यावे लागे, कारण बारीक रेती झडपेच्या बैठकीवर ओरखडे पाडते. अशा ओरखड्यातून वेगाने निसटणारी धार धातू खरवडते व वाट रुंदावते. अरुंद फटीतील संथ प्रवाहात गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते; फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. म्हणून यंत्र बराच काळ ठीक चालते व नंतर त्याची कार्यक्षमता झपाट्याने घसरते. निसटलेल्या द्रवासाठी पंपाने केलेले कार्य उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

‘व्हर्जिनिया’ या अमेरिकन युद्धनौकेच्या तोफांसाठी १९०६ मध्ये पाण्याऐवजी तेल वापरण्यात आले. तेल वंगणाचेही काम करते आणि त्याच्या अधिक श्यानतेमुळे (दाटपणामुळे) त्याच फटीतून ते कमी गळते. मात्र झिजलेल्या झडपेतील गळतीने तेल तापते, पातळ होते व आणखी गळते. यामुळे तेलयंत्रांत गाळण्या व शीतक यांची जोड द्यावी लागते.